सदर फुलाबाबत

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मंगळवारपासून एक कागद लागलाय. वर टाकी सफाईची सूचना, खाली पार्किंगच्या थकबाकीदारांची यादी, आणि मध्ये हा. 'काही सभासद सदनिकेत विषारी वनस्पती बाळगत असल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सदर वनस्पती आठ दिवसांच्या आत हटवाव्यात. अन्यथा दंड आकारण्यात येईल. हुकमावरून.'

'काही सभासद' म्हणजे मी. तसं लिहिलेलं नाही. पण माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढलेली माणसं हल्ली दुसऱ्या मजल्यावरच उतरून पुढे जिन्याने जातात, त्यावरून ओळखायचं.

माझ्या घरात वनस्पती एकूण चार. एक तुळस. एक कढीपत्ता, तो गेली तीन वर्षं सात पानांवर अडून बसलाय. बाटलीतला मनी प्लांट. आणि एक ब्रह्मकमळ, ज्याचं पान खालच्या काकूंनीच दिलं होतं. आता बारकाईनं बघायचं तर यातला मनी प्लांट खरंच थोडासा विषारी असतो. पान चावलं तर तोंडाची आग होते. पण तसा मनी प्लांट सोसायटीच्या ऑफिसातही आहे, सेक्रेटरींच्या टेबलावर, गणपतीच्या शेजारी. त्याला कोणी नोटीस काढलेली नाही.

कमिटीच्या निदर्शनास जी आली ती वनस्पती वेगळी. ती आमच्या टीव्हीत असते.

भाच्याने नवा प्लेस्टेशन घेतला आणि जुना मला दिला. 'मामा, तुम्ही हल्ली फार चिडता, हे खेळा,' म्हणाला. सोबत 'एल्डन रिंग' दिला. म्हणजे पित्ताच्या माणसाला मिसळ. 2022 साली आलेला हा जपानी गेम, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. पडके किल्ले, थडगी, धुकं, भुयारं, आणि या सगळ्यावर क्षितिजाशी उभं असलेलं सोन्यासारखं झळकणारं एक अवाढव्य झाड. यात आपण असतो 'टार्निश्ड', म्हणजे कलंकित. वाटेत भेटेल त्याला मारून रून्स जमवायचे. रून्स म्हणजे पैसा म्हणा, पुण्य म्हणा. मेलात की ते सगळे मेल्या जागी सांडतात. परत तिथवर जाऊन उचलायचे. पण जाता जाता पुन्हा मेलात, तर आधीचे कायमचे गेले. हा नियम ज्याने केला त्याने कधीतरी मुंबईत बिल्डरकडे टोकन भरलेलं असणार.

आणखी एक. या गेमला पॉजचं बटण नाही. बेल वाजो, कुकरची शिट्टी होवो, सासरेबुवांचा फोन येवो, समोरचा राक्षस थांबत नाही. हे लक्षात ठेवा.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मी वीपिंग पेनिन्सुलावर होतो. शब्दशः रडकं द्वीपकल्प. सदा पाऊस, चिखल, आणि तोंड पाडून बसलेली माणसं, त्यामुळे मुंबईकराला तिथे फारसं परकं वाटत नाही. तिथल्या एका गुहेच्या टोकाला मिरांडा राहते. मिरांडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वांद्र्याच्या गल्लीतल्या, नाताळात शेजारीपाजारी केक पाठवणाऱ्या एखाद्या बाई येतात. ही मिरांडा म्हणजे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचं फूल. भोवती तिच्याच जातीची छोटी फुलं, डुलत असतात. जवळ गेलात की फस्सकन विषारी धूर सोडतात. तो अंगात भिनतो आणि आयुष्याची लाल पट्टी तसूतसूने उतरत जाते, महिनाअखेरच्या बँक बॅलन्ससारखी. आणि तुम्ही लांब उभे राहिलात तर मोठं फूल वरून डोक्यावर उजेडाचे झोत पाडतं. खिशात 11,640 रून्स होते. तीन शनिवारांची कमाई. मिरांडाची अर्धी पट्टी मी उतरवली होती.

बेल वाजली.

मी उठलो नाही. पुन्हा वाजली. मग बेलवर बोट ठेवून कोणी काढलंच नाही. मी मान वळवली, एवढ्यात फुलाने काम केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'यू डाइड'.

दारात खालच्या काकू. वय चौऱ्याहत्तर, महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शास्त्र शिकवलेलं, मला हाफ पँटीत पाहिलेलं. उजवा हात पुढे, तळहातावर एक कुरडई.

"हे बघ," काकू म्हणाल्या.

मी बघितलं. अर्धवट वाळलेली कुरडई होती. कडेने पांढरी, ठिसूळ, आणि मधोमध चार आण्याएवढा तपकिरी डाग. डागाभोवतीच्या तारा विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. वर मातीचा एक कण.

"तुझ्या कुंडीचं पाणी," काकू म्हणाल्या. "तीन दिवस गहू भिजवले. रोज पाणी बदललं. चीक काढला, शिजवला, पहाटे उठून सोऱ्याने घातल्या. एकशे चाळीस. त्यातल्या अकरा गेल्या."

मी म्हणणार होतो की माझे अकरा हजार गेले. पण कुरडईसमोर माणूस काय बोलणार? 'या ना काकू' म्हणालो. ही आपली चूक. मराठी माणूस भांडायला आलेल्यालाही 'आत या' म्हणतो आणि मग चहा टाकावा लागतो. हिने चहा टाकला, म्हणजे माझा निकाल लागलाच.

काकू दिवाणावर बसल्या आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. मी तोवर पुन्हा जिवंत होऊन गुहेत शिरलो होतो. सांडलेले रून्स उचलायचे, एवढंच मनात होतं. पण रून्स पडलेले फुलाच्या दालनात, आणि त्या दालनाला धुक्याचं दार असतं. एकदा आत गेलात की एक तर ते मरणार, नाही तर तुम्ही. मधला मार्ग नाही.

"हे काय आहे रे?"

"गेम आहे, काकू."

"ते कळतंय मला. झाड कसलं?"

"ते शत्रू आहे."

"कोणाचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरंच थांबलो. फूल आपल्या जागी होतं. जमिनीत मुळं. ते ना कुठे जात होतं, ना कोणाच्या अध्यातमध्यात. त्याच्या घरात तलवार घेऊन मी शिरलो होतो.

"गुहेत कोणी लावलं पण ते?" काकूंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "एवढं मोठं फूलझाड सावलीत लावतात का? ऊन कुठंय त्याला?"

"काकू, ते वरून उजेड पाडून मारतं. सांभाळून..."

"मारत नाहीये रे!" काकू पुढे सरकल्या. "ऊन मागतंय ते. गुहेत ऊन नाही म्हणून स्वतःच उजेड पाडून घेतंय. प्रकाशसंश्लेषण. सहावीला असतं. तू मध्ये जाऊन उभा राहिलास त्याच्या उन्हात."

या गेमवर जगभरातल्या पोरांनी तासन्‌तास व्हिडिओ केले आहेत. मिरांडा कशी मारायची, कुठून पळायचं, आग कशी टाकायची. मी त्यातले बरेच पाहिलेत. त्यातल्या एकानेही मला हे सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात राग याचा आला की ते पटलं.

"आणि ही छोटी छोटी? याचीच पिल्लं?"

"हो. ती विष सोडतात."

"आईच्या डोळ्यांदेखत तिच्या पोरांना तलवारीने मारतोस?" काकूंनी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. "आणि विष कसलं, परागकण आहेत ते. तुला ॲलर्जी आहे. तुझ्या आईला होती. आंब्याला मोहोर आला की शिंकायची, आठवतंय ना?"

आई नाही आता. गुहेत, धुराच्या ढगात, अर्ध्या पट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला असं मध्येच आईचं आठवायला लावू नये.

"ही लाल रेघ कसली वर?"

"माझं आयुष्य."

"एवढंच?"

मग त्यांनी माझ्या माणसाचं नाव विचारलं. मी 'कलंकित' असं सांगितलं. 'शी!' म्हणाल्या. त्याच्या आईवडिलांची चौकशी झाली, ते गेमने सांगितलेलं नाही. लग्न झालंय का विचारलं. मी पळत होतो, लोळत होतो, विषावरची गोळी शोधत होतो, आणि शेजारून मृदूपणे सूचना येत होत्या. पानं पिवळी पडलीत, पाणी जास्त झालंय. कापसासारखं काही दिसतंय का बघ देठाशी, मिलीबग असेल. कडुलिंबाचं तेल पाण्यात घाल, दोन थेंब भांडी घासायचा साबण, आणि फवार. जगदीशचंद्र बोसांनी क्रेस्कोग्राफवर दाखवून दिलंय, झाडाला सगळं कळतं. तू असा अंगावर धावून गेलास तर ते घाबरणार नाही तर काय करणार?

सात वाजत आले होते. शेवटचा उपाय म्हणून मी पेटतं मडकं हातात घेतलं. गेममध्ये त्याला फायर पॉट म्हणतात. मिरांडाला आगीची भीती.

"ते काय हातात?"

"मडकं."

"कशाला?"

मी बोललो नाही. पण मडक्याच्या तोंडाशी जाळ दिसत होता. काकू उभ्या राहिल्या. चहाचा कप बशीत थरथरला.

"आग लावतोस? तिन्हीसांजेला? झाडं झोपायच्या वेळी?"

कोकणातल्या, देशावरच्या कुठल्याही मराठी मुलाच्या मेंदूत हे वाक्य कोरलेलं असतं. सूर्य बुडाल्यावर फूल तोडायचं नाही, पानाला हात लावायचा नाही, झाडं झोपतात. माझा अंगठा बटणावर थबकला. अर्धा सेकंद, जास्त नाही. तेवढ्यात मिरांडाला ऊन लागलं.

'यू डाइड.'

काकूंनी ते मोठ्याने वाचलं. "व्याकरण बरोबर आहे," म्हणाल्या.

"काकू, माझे अकरा हजार सहाशे चाळीस गेले."

काकू चपापल्या. "रुपये?"

"रून्स."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी खारी उचलली.

हे 'मग ठीक आहे' माझ्या अजून घशात अडकलंय. विनोद म्हणून सांगतोय खरा, पण शनिवारी रात्री मला झोप नव्हती. सोमवार ते शुक्रवार मी सव्वाआठची फास्ट पकडतो. दारातल्या दांड्याला लोंबकळून जातो, तसाच परत येतो. साहेबाच्या शिव्या खातो. आठवड्यात दोन तास माझे असतात, आणि त्या दोन तासांत मी एका गुहेत जाऊन एका फुलाकडून मरतो. ही माझी हौस. कोणाला त्रास नाही. हाच मी क्रिकेट बघत असतो आणि शेवटची ओव्हर चालू असती, तर काकूंनी बेलवरचं बोट काढलं असतं. 'असू दे, मग येते,' म्हणाल्या असत्या. दारू पीत बसलो असतो, तरी कोणी मध्ये बोललं नसतं. पण शेहेचाळीस वर्षांचा माणूस हातात कंट्रोलर घेऊन बसला की त्याच्या वेळेला किंमत नसते. त्याच्या मरणाला तर नसतेच. माझ्याच घरात, माझ्याच दिवाणावर बसून, सगळी सहानुभूती त्या फुलाला मिळाली. ही मला म्हणाली, 'काकूंचं काही खोटं नाही हं. बिचारं एका जागी उभं होतं.'

जाताना काकू अकराऐवजी बारा कुरडयांची भरपाई मागून गेल्या. बारावी, दाखवायला आणलेली ती, चहात पडली होती.

आता शनिवारच्या फुलाची मंगळवारी नोटीस कशी झाली, हे मी वॉचमनकडून, इस्त्रीवाल्याकडून आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडून तुकड्या-तुकड्याने गोळा केलंय. काकूंनी रात्री मुलीला फोन केला. पुण्याला. काकू फोनवर बोलतात तेव्हा पुण्याला तसंही फोनशिवाय ऐकू जात असणार. 'वरच्याकडे एवढं मोठं फूल आहे गं. विष सोडतं. फार वाईट अवस्था आहे त्याची. हा त्याला छळतो.' 'गेममधलं' हा शब्द त्यांनी उच्चारला होता, असं त्या शपथेवर सांगतात. तो शब्द तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जिन्यात कुठेतरी गळाला. तळमजल्यावर वॉचमनपर्यंत पोचलं ते असं : चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी माणूस खाणारं झाड पाळलंय, बाल्कनीतून त्याचं पाणी गळतं, ते काकूंच्या कुरडईवर पडलं, कुरडई विरघळली.

माणसाला नाही, पण किड्यांना खाणारं झाड आमच्याकडे खरोखरच एकदा होतं. हिने हौसेने व्हीनस फ्लायट्रॅप मागवला होता. अमेरिकेतल्या कॅरोलायनातलं झाड, त्याला क्षार नसलेलं पाणी लागतं आणि वर्षातून एकदा थंडीची झोप लागते. मुंबईत आम्ही त्याला नळाचं पाणी आणि मे महिना दिला. तीन आठवड्यांत गेलं. पण त्या तीन आठवड्यांत मी त्याचा एक गुण बघितला. त्याच्या जबड्यात बारीक केस असतात. एका केसाला एकदा स्पर्श झाला तर ते मिटत नाही. वीसेक सेकंदांत दुसरा स्पर्श झाला तरच मिटतं. उगाच पाण्याचा थेंब पडला असेल, वाऱ्याने धूळ आली असेल, म्हणून ते खात्री करून घेतं. मेंदू नसलेलं एक झुडूप दोनदा खात्री करतं. आमच्या कमिटीत नऊ माणसं आहेत.

आणि ही कमिटी मला झाडांबद्दल नोटीस काढते! आमच्या फाटकाशी एक पर्जन्यवृक्ष होता. हे लिहायचं नव्हतं, पण आलंय तर लिहितोच. आमच्या इमारतीपेक्षा जुना. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटायची, खरोखर मिटायची, लाजाळूसारखी. तिन्हीसांजेला झाडं झोपतात हे मी लहानपणी त्याच्याकडे बघूनच खरं मानलं. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांवर मिलीबग पडला आणि रस्तेच्या रस्ते वाळले. आमचा त्यातूनही तगला. मग पार्किंगला लाद्या बसवताना त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट केलं. मुळांना श्वास घ्यायला वीतभर माती ठेवली नाही. 1975 पासून या राज्यात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वीची छाटणी अशी परवानगी काढली गेली. एक दिवस ऑफिसातून आलो तर छाटणी झालेली होती. खोड उरलं होतं. पुढच्या वर्षी 'वाळले आहे, धोकादायक आहे' म्हणून तेही गेलं. तिथे आता सेक्रेटरींची गाडी उभी असते. उन्हात. आणि मीटिंगमध्ये तेच विचारतात, पार्किंगला शेड का नाही?

याच जपानी मंडळींचा दुसरा एक गेम आहे, 2016 चा 'डार्क सोल्स 3'. त्यात एक भलामोठा वृक्ष येतो. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावरचे शाप आणून त्याच्यात टाकत राहिले. टाकता टाकता झाड आतून कुजलं, अंगभर गळवं आली, आणि शेवटी ते हात-पाय झाडत उठलं. भाच्याला हे फार भयंकर वाटलं होतं. मला नाही वाटलं. आमच्या नाक्यावरच्या पिंपळाशी एकदा येऊन बघावं. फुटक्या काचेच्या तसबिरी, हात तुटलेली कृष्णाची मूर्ती, कोणाचा तरी मेलेला आजा फ्रेमसकट, नवस, दोरे, लिंबं, बुंध्यात ठोकलेले खिळे, त्या खिळ्यांवर 'घरबसल्या कमवा'चा बोर्ड, आणि गणपतीत गुंडाळलेल्या नि मग न काढलेल्या लाइटच्या माळा. घरात नको झालेलं सगळं त्याच्या पायाशी. त्यात आजीच्या हिशेबाने वर मुंजा राहतो तो वेगळाच. हे झाड अजून उठलं नाही, हाच मला चमत्कार वाटतो. उठलं तर पहिलं कुठे जाईल हे मला माहीत आहे आणि मी वाट सांगायला खाली उभा राहीन.

असो. रक्तदाब वाढतो.

ब्रह्मकमळाचंही सांगून टाकतो, कारण काकू आणि मी यांच्यातलं मूळ भांडण कुरडईचं नाहीच. काकूंच्या बाल्कनीत जूनमध्ये ब्रह्मकमळ फुलतं. रात्री अकराला बेल वाजते (पुन्हा तेच बोट, पुन्हा तेच न काढणं) आणि सगळ्या बिल्डिंगने गाऊनवर ओढणी घेऊन, लुंगी सावरत खाली जाऊन, हात जोडून उभं राहायचं. काकू दिवा लावतात, कोणी व्हिडिओ काढतं. अंधारात पांढरंफटक, वासाने घमघमणारं, सकाळी मान टाकणारं फूल, आणि भोवती झोपेतून उठवलेली वीस माणसं. गेमवाल्यांनी हे पाहिलं तर पुढच्या भागात घेतील. तर एका वर्षी मी म्हणालो, 'काकू, खरं ब्रह्मकमळ हिमालयात होतं. हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे.' शास्त्राच्या बाईंना सांगायला हरकत नाही, असं मला वाटलं. काकू दोन महिने बोलल्या नाहीत. मग एक दिवस पान आणून दिलं. 'लाव. मग कळेल निवडुंग की काय.' त्याच कुंडीचं पाणी गळतं.

सगळ्या इमारतीत माझ्याबरोबर लिफ्टने येणारा आता एकच माणूस उरलाय : काकूंचा नातू, वय अकरा, सुट्टीला आलेला. बुधवारी त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं.

"काका, मिरांडा ना?"

"हो."

"किती गेले?"

"अकरा हजार सहाशे चाळीस."

"अरेरे," तो म्हणाला. डोळे मिटून म्हणाला. आठवडाभरात हा पहिला 'अरेरे'. मला भरून आलं. मग तिसरा मजला यायच्या आत त्याने मला सांगितलं की पॉजचं बटण नसलं तरी मेनूत जायचं, मदतीचं बटण दाबायचं, 'मेनू एक्सप्लनेशन' निवडायचं, गेम जिथल्या तिथे थांबतो. मागे असलेलं फूलसुद्धा. "आजीला सांगू नका मी सांगितलं," म्हणाला.

गुरुवारी मी कमिटीला रीतसर खुलासा दिला. दोन प्रती, एकीवर पोच. 'सदर फूल हे दूरदर्शन संचावरील खेळातील असून ते प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. तरी नोटीस मागे घ्यावी, ही नम्र विनंती.' शुक्रवारी माझीच प्रत दाराखालून परत आली. खाली निळ्या पेनाने, तिरकं : 'सदर फूल अस्तित्वात नसल्याची नोंद घेतली. तरी ते मुदतीत हटवावे व हटवल्याचा फोटो सोबत जोडावा.'

म्हणजे मारणं आलं.

आज जेवणं लवकर उरकून बसलो. नवीन रून्स खिशात जवळजवळ नाहीतच, गमवायला काही नाही. पेटती मडकी आठ घेतली. धुक्याचं दार ढकललं. छोट्यांना लांबूनच टाळलं, मोठीच्या बुडाशी गेलो, दोन मडकी बसली, पट्टी निम्म्याच्या खाली आली. फोटोसाठी मोबाइल मांडीवर तयार.

बेल वाजली. वाजतच राहिली.

मेनू, मदत, मेनू एक्सप्लनेशन. पडद्यावर सगळं थांबलं. फूल पाकळ्या वर करून, ऊन मागायच्या बेतात, तसंच.

दार उघडलं. काकूंच्या हातात फवाऱ्याची बाटली, आत कडुलिंबाचं तेल, वर साबणाचा फेस. दुसऱ्या हातात ताटलीत तळलेल्या चार कुरडया. त्यांनी माझ्या खांद्यावरून टीव्हीकडे पाहिलं.

"आज कसं आहे ते?"

"बरं आहे," मी म्हणालो.